तांडेल, राल्फ आणि दोन रकान्यांचा तक्ता

या आठवड्याचं पत्र देवगडकडचं आहे. थोडं कापून देते:

"ताई, मी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इंग्रजी. सरांनी प्रकल्प दिलाय: 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीतल्या लोकशाहीवादी आणि हुकूमशाही नेतृत्वाची तुलना. वर्गात सगळ्यांनी दोन रकाने पाडलेत. डावीकडे राल्फ, म्हणजे लोकशाही, शंख, सभा. उजवीकडे जॅक, म्हणजे हुकूमशाही, भाले, मारझोड. मीही तेच केलं. मग आजचं एक उदाहरण हवं म्हणून लिहिलं, 'आजही मच्छीमार बोटीवर तांडेलाची हुकूमशाही चालते.' माझे बाबा तांडेल आहेत, म्हणजे बोटीवरचे प्रमुख. रात्री जेवताना भावाने ते वाक्य मुद्दाम मोठ्याने वाचलं. बाबा काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले आणि पडवीत जाळं विणत बसले. त्यानंतर माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं.

मी खोटं लिहिलं का? बोटीवर कोणाला मत विचारत नाहीत. बाबा ओरडतात, शिव्याही देतात. आणि खरं सांगायचं तर वाचताना मला राल्फचाच राग आला. नुसत्या सभा घेतो. जॅककडे निदान पोटभर खायला मिळतं. हे लिहिलं तर मार्क जातील का? आणि बाबांना काय सांगू? पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की ते समुद्रात जाणार.
तांडेलाची मुलगी"

बाय माझे, उत्तराला उशीर झाला, कारण कपाटातली प्रत काढून मी कादंबरी परत वाचली. नोकरीत असताना घेतलेली प्रत. पावसाने पानं फुगलीत, समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि त्यातल्या निम्म्या आता मला पटत नाहीत.

मार्कांचं आधी उरकते. "राल्फचा राग आला" हे खोडू नकोस. का आला ते पान दाखवून सांगितलंस तर मार्क जाणार नाहीत. पान न दाखवता "राल्फ चांगला, जॅक वाईट" लिहिणाऱ्यालाही मार्क मिळतात, हेही खरं. मीच दिलेत पुष्कळांना. पेपर तपासताना रात्रीचे अकरा वाजले की तक्ता दिसला म्हणजे बरं वाटतं.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी चार ओळी. विल्यम गोल्डिंग या इंग्लिश लेखकाची ही १९५४ सालची कादंबरी. युद्ध चालू आहे, इंग्लंडमधून हलवली जाणारी शाळकरी मुलं विमान पडून एका ओसाड बेटावर येतात. मोठं माणूस एकही नाही. सर्वांत मोठी मुलं बारा वर्षांची, लहानगी सहाच्या आसपासची. राल्फ शंख फुंकतो, मुलं गोळा होतात, त्याला प्रमुख निवडतात. जॅक हा गाणाऱ्या मुलांच्या पथकाचा म्होरक्या, तो डुकरांच्या शिकारीच्या नादी लागतो आणि पुढे वेगळी टोळी करतो. लहानग्यांतला एक तर सुरुवातीच्या वणव्यातच नाहीसा होतो. पुढे सायमन आणि पिगी अशी दोन मुलं मारली जातात आणि शेवटी राल्फचीच शिकार सुरू होते.

आता तुझ्या डाव्या रकान्याकडे ये. राल्फला मतं मिळाली ती कशावर? तो प्रसंग पुन्हा वाच. जॅक उठून सांगतो, प्रमुख मीच व्हायला हवं, कारण मी पथकाचा मुख्य गायक आणि अमुक एक वरचा सूर मी लावू शकतो. हसू येतं, पण आपल्याकडे याहून फुसक्या पात्रतेवर माणसं उभी राहिलेली पाहिलीत. आणि राल्फ? तो धिप्पाड आहे, दिसायला बरा आहे, शांत बसलाय आणि त्याच्या मांडीवर शंख आहे. बस. पुढे काय करणार हे त्याला कोणी विचारत नाही, तोही सांगत नाही. शंख ओळखला पिगीने, तो फुंकायचा कसा हे सांगितलं पिगीने. पण पिगी जाडा, दम्याचा, चष्मेवाला. त्याला मत द्यायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. गोल्डिंग स्पष्ट लिहितो की मुलांना मतदान हे एक नवं खेळणं वाटलं. म्हणजे तू ज्याला लोकशाही म्हणतेस, ती पहिल्या दिवशी एवढीच होती.

निवडून आल्यावर राल्फ पहिलं काम काय करतो, तर हरलेल्या जॅकचं मन राखायला गाणाऱ्या मुलांचं पथक त्याच्याकडेच ठेवतो. तुमचं पथक तुमचं, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. जॅक म्हणतो, शिकारी. झालं. बेटावर ज्यांच्या हाती शस्त्र येणार ती टोळी एका माणसाच्या मर्जीवर सोडली गेली, आणि तीही भलेपणाने. मला वाटतं कादंबरीतली सर्वांत महाग चूक ही आहे, आणि ती जॅकची नाही. माझ्या समासात इथे पूर्वी "राल्फचा मोठेपणा" असं लिहिलेलं सापडलं. खोडलं.

तुला आला तो राग बहुधा सभांचा आहे. देवळात गाऱ्हाणं घालताना पाहिलंयस ना? गाऱ्हाणं घालणारा एकेक मागणं मांडत जातो आणि सगळा गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" राल्फच्या सभा डिट्टो तशा आहेत. नारळाच्या करवंट्यांत पाणी भरून ठेवायचं? व्हय म्हाराजा. शौचाला ठरलेल्या खडकांकडेच जायचं? व्हय म्हाराजा. झोपड्या बांधायच्या? व्हय म्हाराजा. आणि मग सगळे पोहायला. पहिल्या झोपडीला सगळे होते, दुसरीला चौघे, तिसरी राल्फ आणि सायमन दोघांनी बांधली, आणि ती डुगडुगते. देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात पुढचं देवाने बघायचं असतं. बेटावर पुढचं कोणी बघायचं, हे कोणत्याच सभेत ठरत नाही.

हे मला झोंबतं, कारण मी हेच केलंय. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, जबाबदारी माझ्याकडे. तीन सभा घेतल्या. मंडप, माइक, बक्षिसं, पिण्याचं पाणी, सगळ्याला सगळ्यांचा होकार. माझ्या वहीत सुंदर अक्षरात ठराव. प्रत्यक्ष दिवशी दुपारी दोन वाजता तीनशे मुलं उन्हात आणि पिंप ठणठणीत कोरडं. पाण्यापुढे मी "सर्व शिक्षक" असं लिहिलं होतं. सर्व शिक्षक म्हणजे कोणी नाही, हे त्या दिवशी कळलं. आमच्या शिपाईमामांनी मग मला न विचारता घंटा हाणली आणि मोठ्या मुलांना नावाने हाका मारल्या. "तू बावीवर. तू कळशी धर. तू रांग लाव, आणि हसतंस कित्याक रे, मेल्या!" अर्ध्या तासात पाणी. मला राग आला, अपमानच वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे. "बाई, काल मी परस्पर केलंय. चुकला असात तर सांगा." मी काही बोलले नाही. पण मामांचं ते येऊन उभं राहणं लक्षात ठेव, परत लागणार आहे.

तुझ्या प्रकल्पाला इथे एक भक्कम आधार देते. १९३९ मध्ये कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट (होय, इथेही एक राल्फ आहेच) यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा-दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले, त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली, आणि गटांवर वेगवेगळ्या रीतीने वागणारे प्रौढ नेमले. एक सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडणारा. एक मुलांशी बोलून ठरवणारा आणि मग त्यांच्याबरोबर कामाला बसणारा. आणि एक नुसता मोकळं सोडणारा: विचारलंत तर सांगीन, नाहीतर चाललंय ते चालू द्या. हुकमाच्या गटात काम होत होतं, पण नेता खोलीबाहेर गेला की हात थांबायचे, आणि काही गटांत मुलं एकमेकांवर, विशेषतः एखाद्या दुबळ्यावर घसरायची. बोलून ठरवणाऱ्या गटात नेता नसतानाही काम चालू राहायचं. मोकळं सोडलेल्या गटाचं काम सर्वांत कमी.

म्हणजे रकाने दोन नाहीत, तीन आहेत. आणि माझं म्हणणं असं की राल्फ दुसऱ्या रकान्यात निघतो आणि पावलापावलाने तिसऱ्यात घसरतो. विचारतो सगळ्यांना, पण विचारल्यावर कामाला नाव चिकटवत नाही, आणि काम झालं नाही तर पुन्हा सभा बोलावतो. एवढं मात्र लिही की आयोवातली मुलं संध्याकाळी घरी आईकडे जात होती आणि त्यांचा नेता मोठा माणूस होता. त्या अभ्यासाने कादंबरी "सिद्ध" होत नाही. कादंबरी नीट वाचायला तो मदत करतो, इतकंच.

राल्फच्या सभांतली सर्वांत वाईट सभा पाचव्या प्रकरणातली. दिवस मावळतोय, लहानगी घाबरलीत, श्वापद आहे म्हणतात. राल्फ नियम समजावता समजावता अंधार होतो, आणि मग तो चक्क मत घेतो: भुतं आहेत असं किती जणांना वाटतं? अंधारात हात वर जातात. अगं, आपल्याकडे अवसेच्या रात्री, वीज गेलेली असताना, पडवीत बसून कोणी म्हणालं की देवचार आहे असं वाटणाऱ्यांनी हात वर करा, तर माझाही हात वर जाईल, आणि मी एम.ए. झालेय. भीतीला मत विचारायचं नसतं. ती कंदील घेऊन बघायला जायची गोष्ट. बेटावर उजेडात चढून, अगदी जवळ जाऊन बघतो तो एकटा सायमन. वर हवाई छत्रीला लटकलेला एक मेलेला वैमानिक असतो, बाकी काही नाही. हे सांगायला तो खाली येतो, आणि नाचणाऱ्या मुलांच्या घोळक्यात मारला जातो. त्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही होते. डावा रकाना लिहिताना हे वगळतात सगळे.

आता जॅक. तू म्हणतेस, त्याच्याकडे पोटभर मिळतं. मिळतं. त्याला मुलांना काय हवंय ते कळतं आणि तो ते आणून देतो, हे त्याचं खरं बळ आहे, ते मोकळेपणाने मान्य कर. नियम हवेत, आपण रानटी नाही, असं पहिल्या काही दिवसांत ठासून सांगणाराही जॅकच आहे, तेही नोंदव. पहिल्या डुकराच्या पिल्लावर त्याचा सुरा चालत नाही, हात अडतो. मग तो तोंडाला माती आणि कोळसा फासतो. दशावतारातला संकासूर पाहिलायस तू. एकदा सोंग चढलं की तोच शेजारचा लाजरा माणूस काय काय बोलतो, आणि आपण हसतो. पण आपला संकासूर पहाटे सोंग उतरवून चहाला बसतो. जॅक रंग पुसत नाही. पुढे पुढे तर लेखकही कित्येकदा त्याला जॅक म्हणत नाही. नुसतं "प्रमुख".

आणि ते पोटभर कसं मिळतं, ते जवळून बघ. चौथं प्रकरण, पहिलं मोठं डुक्कर. त्याच वेळी समुद्रावरून जहाज जातं आणि जहाजांना धूर दिसावा म्हणून डोंगरावर ठेवलेला जाळ विझलेला असतो, कारण राखणारे शिकारीला गेलेले. सुटकेची संधी गेली. तरी संध्याकाळी मांस भाजलं जातं. जॅक सगळ्यांना देतो, पिगीला देत नाही. पिगी विचारतो, मला नाही का? तू शिकार केली नाहीस. राल्फनेही केली नाही, सायमननेही नाही, त्यांना मिळालं. बरोबर बोलला की नाही? याला जॅककडे उत्तर नाही. सायमन शरमून आपला तुकडा पिगीकडे सरकवतो, तर जॅक भडकून आणखी एक तुकडा कापून सायमनच्या पायाशी फेकतो. खा. ते मांस वाटणं नव्हे. कोणाला मिळेल हे माझ्या हातात आहे, हे दाखवणं.

याच्या शेजारी रापण ठेव. तुमच्याकडच्या किनाऱ्यावर पाहिलीच असशील. होडीने अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर माणसांनी ओढायचे. ओढताना एक जण ओरडत असतो, आणि तो काही "कृपया" म्हणत नाही. पण जाळं वाळूवर आलं, तारली-बांगड्यांचा ढीग पडला, की वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतात. कमी पडला तर म्हातारी कोळीणसुद्धा तिथल्या तिथे विचारते, आणि उत्तर द्यावं लागतं. दोराशी हुकूम, वाळूवर हिशोब. पिगीने तेच विचारलं होतं.

म्हणून मी हल्ली तक्ता असा मांडते: "का" विचारणाऱ्याचं काय होतं? राल्फच्या बाजूला असं विचारणारा पिगी. त्याची टर उडते, राल्फही त्याला गप्प करतो, त्याचं नको असलेलं टोपणनाव चारचौघांत उघड करणाराही राल्फच. तरी सभेत शंख ज्याच्या हाती त्याने बोलायचं असा नियम आहे, म्हणून शंख हातात आला की पिगी बोलतो आणि पुष्कळदा त्याचंच खरं निघतं. जॅकच्या बाजूला दहाव्या प्रकरणात एक छोटा प्रसंग आहे, अर्धं पानही नाही. विल्फ्रेड नावाच्या मुलाला बांधून ठेवलंय, त्याला मार बसणार आहे. एक जण विचारतो, कशाबद्दल? दुसरा म्हणतो, माहीत नाही, प्रमुखाने सांगितलं नाही. आणि विषय संपतो. पुढे कुठेही कारण येत नाही. अख्ख्या कादंबरीत हुकूमशाहीचं इतकं नेमकं चित्र दुसरं नाही, खुनाच्या प्रसंगांतही नाही. डुकराचं डोकं, भाले, रंग हे सगळं डोळ्यात भरतं, म्हणून सगळे तेच लिहितात. तू विल्फ्रेड लिही.

शंखाचंही यातच येतं. मराठीत "शंख करणे" म्हणजे बोंब मारणे, हे गोल्डिंगला कुठून ठाऊक असणार? पण शेवटी पिगीच्या हातात तेवढंच उरतं. चष्मा चोरीला गेलेला, समोरचं दिसत नाही, शंख घट्ट धरून तो टोळीला विचारतो की नियम बरे की शिकार बरी, आणि वरून जॅकच्या टोळीतला रॉजर धोंडा लोटतो. पिगी जातो आणि शंखाचा चुरा होतो. रॉजरला तो धोंडा लोटायला जॅकने सांगितलेलं नाही, हे वाचताना सुटतं. जिथे विचारायची सोय संपते तिथे रॉजरला हुकमाची गरज राहत नाही.

आता तुझे बाबा.

गोल्डिंग स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं, तेव्हा रॉकेट डागणाऱ्या एका नौकेचा तो कप्तान होता. म्हणजे तुझ्याच भाषेत, तांडेल. त्या नौकेवर त्याने हात वर करायला सांगून मतं घेतली नसणार. युद्धानंतर तो मुलांच्या शाळेत शिकवायला परतला आणि ही कादंबरी लिहिली. हुकूम देणं म्हणजेच हुकूमशाही असं त्याला म्हणायचं असतं तर तो आधी स्वतःला त्या रकान्यात बसवता.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा तू लहान असशील, पण घरात ऐकलं असशील. तसल्या वाऱ्यात आत असलेल्या बोटीवर जाळं तोडून निघायचं की थांबायचं यावर सभा घेणारा तांडेल सगळ्यांना बुडवील. तिथे एकाचाच शब्द चालायला हवा, आणि तो चालतो कारण वारा, पाणी, खडक त्याने जास्त पाहिलेत. मला विचारायचंय ते धक्क्यावर आल्यानंतरचं. तिथे खलाशी विचारू शकतो का? तांडेल तरी कुठे मालक असतो. बर्फ, डिझेल, मासळीचा भाव, वाटे, याचं उत्तर त्यालाही वर द्यावं लागतं आणि खालीही. न पटलं तर खलाशी पुढच्या हंगामाला दुसऱ्या बोटीवर जातो. बेटावर सॅम आणि एरिक या जुळ्यांना दुसरी बोट नव्हती. त्यांना पकडून, छळून टोळीत घेतलं.

म्हणून तुझं ते वाक्य खोटं नाही, आळशी आहे. "तांडेलाची हुकूमशाही चालते" हे तू पाहिलेलं नाहीस, रकाना भरायला लिहिलंस. बाबांना नेमकं काय लागलं ते मी इथून सांगणार नाही. "हुकूमशहा" हा शब्द लागला असेल, किंवा तो मुलाने हसत वाचला हे लागलं असेल.

पण म्हणून आता उलट्या टोकाला जाऊन "माझे बाबा आदर्श लोकशाही नेते" असंही लिहू नकोस. ते ओरडतात, शिव्या देतात, हे तूच लिहिलंस. बोटींवर हल्ली परप्रांतातली, नेपाळची पोरं असतात. ज्याला आपली भाषा येत नाही, ज्याचं घर दोन हजार किलोमीटर लांब, ते पोर "का" कसं विचारणार, आणि कोणाला? या प्रश्नाचं बाबांचं उत्तर तुला आवडेलच असं नाही. तरी विचार. आणि मिळेल ते प्रकल्पात घाल, त्यांना सांगून.

३१ जुलैपर्यंत बंदी आहे, बोट वर ओढलेली, बाबा पडवीत. एवढा निवांत वेळ परत मिळायचा नाही. माफीचं भाषण करू नकोस, आपल्या बापांना ते ऐकता येत नाही, उठून जातात. जाळ्याचं दुसरं टोक धरून बस. विणता येत नसेल तर सुयांत दोरा भरून दे. आणि मग विचार: तुम्ही एक म्हणालात आणि खलाशाने दुसरं सांगितलं, आणि तुम्ही त्याचं ऐकलंत, असं कधी झालं? कुठे, कोणत्या पाण्यात? आणि नाही ऐकलंत, नुकसान झालं, तेव्हा धक्क्यावर आल्यावर काय बोललात? आमचे शिपाईमामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले तसे ते कधी कोणासमोर उभे राहिलेत का, एवढंच तुला शोधायचंय. गप्प बसले तर बसू दे. तू सुया भरत राहा. आणि भावाला सांग, ताईंनी तुझे कान धरायला सांगितलेत.

प्रकल्पाचा शेवट कसा करू, असं तू विचारलेलं नाहीस, पण एक जागा दाखवून ठेवते. शेवटच्या प्रकरणात राल्फला बाहेर काढायला जॅकची टोळी अख्खं बेट पेटवते. पळता पळता राल्फच्या मनात येतं की फळझाडं जळाली तर ही पोरं उद्या खाणार काय. पळणाऱ्याला दुसऱ्यांच्या उद्याची काळजी! त्या धुराने जहाज येतं. नौदलाचा अधिकारी किनाऱ्यावर उभा राहून विचारतो, इथे प्रमुख कोण? राल्फ मोठ्याने म्हणतो, मी. त्याच्या बाजूला आता एकही मूल उरलेलं नाही, शंखही नाही. लाल केसांचा जॅक, कमरेला पिगीच्या चष्म्याचे अवशेष लटकवलेला, एक पाऊल पुढे येतो. मग विचार बदलतो आणि तिथेच थांबतो.

ते पाऊल तू कोणत्या रकान्यात घालतेस, ते मला लिहून कळव.